ग्रामोफोनचे मानकरी

मराठी भाषेत ‘नामांकित’ हा शब्द कीर्तीचा वाचक आहे. नामांकित वैद्य, नामांकित वकील, नामांकित गवई असे म्हटले, की त्या व्यक्तीच्या कर्तृत्वाविषयी अधिक काही सांगावयाचे उरत नाही. अलीकडे मात्र या शब्दास एक निराळाच अर्थ येऊन चिकटला आहे. पारितोषिकासाठी ज्याचे नाव यादीत घातले गेले, तो नामांकित! पहिल्या अर्थाने नामांकित होण्यासाठी सारे आयुष्य वेचावे लागते, आणि तसे मिळविलेले नाव सहसा पुसले जात नाही. दुसऱ्या अर्थाचे नाव एका सकाळी जाहीर होते, आणि दोन-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी एकाच्या हाती मानचिन्ह देऊन उरलेल्यांना रिकाम्या हाताने घरी पाठविते. अमेरिकेत दरवर्षी भरणाऱ्या ग्रॅमी पारितोषिकांच्या सोहळ्याचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांमधील अंतराचा इतिहास होय.

या सोहळ्याचा उगम मोठा मौजेचा आहे. हॉलिवूड येथील पदपथावर नामवंत कलावंतांच्या नावाचे तारे बसवावयाचे, अशी एक योजना १९५० नंतरच्या दशकात निघाली. संगीतक्षेत्रातील कोणाचे तारे बसवावे हे ठरविण्यासाठी ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचे काही अधिकारी एकत्र जमले. नावांचा विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले, की आपल्या धंद्यातील कित्येक गुणी माणसांच्या वाट्यास असा तारा कधीच यावयाचा नाही. चित्रपटास ऑस्कर आहे, दूरचित्रवाणीस एमी आहे. ध्वनिमुद्रणास मात्र काहीच नाही. या रुखरुखीतून १९५७ साली ध्वनिमुद्रण कलेची एक राष्ट्रीय अकादमी स्थापन झाली. पारितोषिकाचे नाव काय ठेवावे यावरही बराच खल झाला. एडिसनच्या नावावरून ‘एडी’ हे नाव पुढे आले होते. पण अखेरीस एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनने बाजी मारली आणि त्याचेच लाडके रूप ‘ग्रॅमी’ कायम झाले. बर्लिनरने आपल्या यंत्राचे पेटंट १८८७ साली घेतले होते. त्याच कर्ण्याच्या यंत्राची सोनेरी प्रतिकृती विजेत्यास देण्यात येते. कॉलोराडो राज्यातील रिजवे नावाच्या लहानशा गावी जॉन बिलिंग्ज नावाच्या कारागिराच्या कारखान्यात ही मानचिन्हे हाताने घडविली गेली. जस्ताच्या ज्या मिश्रधातूची ती ओततात, त्या धातूसही त्याने ‘ग्रॅमियम’ असे नाव देऊन टाकले.

पहिला सोहळा ४ मे १९५९ रोजी झाला. एकाच रात्री बेव्हर्ली हिल्स आणि न्यूयॉर्क अशा दोन ठिकाणी मेजवान्या झाल्या आणि एकंदर अठ्ठावीस पारितोषिके वाटण्यात आली. त्या रात्रीची एक हकीकत पुढील सर्व वर्षांस प्रस्तावना म्हणून शोभेल अशी आहे. फ्रँक सिनात्रा हा त्या काळी अमेरिकन गायकांचा मुकुटमणी. सर्वांत अधिक, म्हणजे सहा ठिकाणी त्याचे नाव यादीत होते. पारितोषिक मिळाले ते एकच, आणि तेही गाण्याबद्दल नव्हे! त्याच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील चित्राची सजावट उत्तम ठरली आणि कलादिग्दर्शक या नात्याने तो मान त्याच्याकडे आला. गवयाच्या मैफलीस जाऊन त्याच्या अंगरख्याची वाहवा करावी, त्यातलाच हा प्रकार. वर्षातील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रणाचा मान मिळाला तो दोमेनिको मोदुन्यो या इटालियन गायकास, आणि तोही इटालियन भाषेतील गाण्यास. त्याच रात्री एला फिट्झजेराल्ड आणि काउंट बेसी या दोघा कृष्णवर्णीय कलावंतांना प्रत्येकी दोन पारितोषिके मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसरा सोहळा झाला आणि त्यात सिनात्रास वर्षातील उत्तम संग्रहाचा मान मिळाला. पहिल्या सोहळ्याची चूक दुसऱ्याने भरून काढावी, ही या संस्थेची खोड तेव्हापासूनची आहे.

निवड होते कशी, हे समजून घेतल्यावाचून या पारितोषिकाचे बरेवाईट ध्यानात येणार नाही. ग्रॅमीची सारी प्रतिष्ठा ज्या एका तत्त्वावर उभी आहे ते असे, की कलावंताची परीक्षा कलावंतांनीच करावी. किती प्रती खपल्या याचा हिशेब येथे धरावयाचा नसतो. अकादमीचे मतदार-सभासद हे स्वतः गायक, वादक, संगीतकार, ध्वनिमुद्रक किंवा निर्माते असतात. २०२४ साली त्यांची संख्या तेरा हजारांच्या आसपास होती. ठरविलेल्या मुदतीत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी व सभासदांनी धाडावयाच्या, जाणत्यांच्या समित्यांनी त्या योग्य त्या वर्गात बसवावयाच्या, मग पहिले मतदान होऊन नामांकितांची यादी सिद्ध व्हावयाची, आणि दुसऱ्या मतदानात विजेता ठरावयाचा, असा हा क्रम आहे. मतांची मोजदाद बाहेरची हिशेबतपासनीस मंडळी करतात. विजेत्याचे नाव पाकीट फुटेपर्यंत गुप्त राहते. म्हणूनच व्यासपीठावर दिले जाणारे मानचिन्ह कोऱ्या नावाचे, केवळ दाखविण्यापुरते असते, आणि नाव कोरलेले खरे चिन्ह मागाहून घरपोच होते.

पारितोषिकांच्या नावांतही एक बारीक भेद आहे, आणि तो न कळल्यामुळे वाचकांचा पुष्कळदा घोटाळा होतो. ‘वर्षातील ध्वनिमुद्रण’ हा मान गायक, निर्माता आणि ध्वनिमुद्रक यांचा. ‘वर्षातील गीत’ हा मान ते गीत रचणाऱ्याचा. आणि ‘वर्षातील संग्रह’ हा सबंध तबकडीचा. नाट्यसंगीताच्या परिभाषेत बोलावयाचे, तर पद लिहिणारा व त्यास चाल देणारा एका बाजूस, आणि ते रंगभूमीवर रंगविणारा नट दुसऱ्या बाजूस. एकच गाणे दोन्ही मान पटकावू शकते, तसेच एकास मुकूही शकते. यांच्या जोडीला नवोदित कलावंताचा एक मान असून, २०२४ पासून निर्माता व गीतकार यांचे मानही याच सर्वसाधारण गटात घेण्यात आले आहेत. बाकीचे वर्ग संगीताच्या प्रकारांनुसार पाडलेले असतात. त्यांची संख्या वाढत वाढत १०९ पर्यंत गेली होती. २०१२ च्या सोहळ्यासाठी अकादमीने कात्री चालवून ती ७८ वर आणली, तेव्हा ज्यांचे वर्ग गेले त्या कलावंतांनी मोठा ओरडा केला आणि काही वर्ग पुन्हा जिवंत करावे लागले. २०२५ साली ही संख्या ९४ होती. इतकी पारितोषिके एका संध्याकाळच्या कार्यक्रमात मावणे शक्यच नाही. त्यामुळे बहुतेक सर्व दुपारीच उरकतात, आणि दूरचित्रवाणीवरून जगास दिसतात ती मोजकीच.

समानधर्म्यांची ही न्यायसभा निर्दोष राहिली आहे, असे मात्र कोणी म्हणणार नाही. १९९० साली नवोदित कलावंताचा मान मिली व्हॅनिली या जोडीस मिळाला. पुढे नोव्हेंबरात उघडकीस आले, की तबकडीवरील आवाज त्या दोघांचा नाहीच. गाणारे निराळे आणि ओठ हलविणारे निराळे! अकादमीने पारितोषिक परत घेतले. पण सहस्रावधी जाणकारांच्या कानांना ही लबाडी का कळू नये, या प्रश्नाचे उत्तर मानचिन्ह परत घेतल्याने मिळत नाही. सभासदांच्या मतांची चाळणी करण्यासाठी पुढे काही वर्गांत गुप्त समित्या नेमण्यात आल्या. मतदारांनी निवडलेल्या नावांतून अखेरची यादी या समित्या ठरवीत आणि समितीत कोण आहे हे बाहेर कळत नसे. २०२० च्या नोव्हेंबरात यादी जाहीर झाली तेव्हा, त्या वर्षी ज्याचे गाणे घरोघर वाजत होते त्या ‘द वीकेंड’ या गायकाचे नाव तीत कोठेच नव्हते. त्याने या सोहळ्याशी आपला संबंध संपल्याचे जाहीर केले. वादळ उठले आणि २०२१ साली अकादमीस त्या गुप्त समित्या बरखास्त कराव्या लागल्या. जो न्याय पडद्याआड होतो तो खरा असला तरी खरा वाटत नाही, हा धडा संस्थेस बराच उशिरा मिळाला.

कृष्णवर्णीय कलावंतांचे गाऱ्हाणे याहून जुने आणि खोल आहे. अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताचा पाया ज्यांनी घातला, त्यांना वर्षातील उत्तम संग्रहाचा मान मिळण्यास १९७४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्टीव्ही वंडर हा त्या मानाचा पहिला कृष्णवर्णीय धनी झाला. बियॉन्से या गायिकेने २०२३ साली बत्तिसावे ग्रॅमी मिळवून वाद्यवृंदसंचालक सर गेऑर्ग शोल्टी यांचा एकतीस पारितोषिकांचा विक्रम मोडला. तथापि सर्वश्रेष्ठ संग्रहाच्या मानाने तिला चार वेळा हुलकावणी दिली. २०१७ साली तो मान अडेल या इंग्रज गायिकेस मिळाला, तेव्हा तिने व्यासपीठावरच डोळ्यांत पाणी आणून बियॉन्सेच्या संग्रहाची थोरवी गायिली. जिंकणाऱ्याने हरणाऱ्यापुढे मान लववावी असा प्रसंग स्पर्धेत क्वचितच येतो. त्या रात्रीचे सर्वांत मोठे पारितोषिक बहुधा तेच होते. अखेर २०२५ साली बियॉन्सेस तो मान मिळाला, पण तोवर तिच्या कीर्तीस त्याची गरज उरली नव्हती.

आता भारतीय कलावंतांकडे वळावयाचे. या सोहळ्यात हिंदुस्थानी संगीताचे पहिले पाऊल पडले ते १९६८ साली. पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ या तबकडीस पारितोषिक मिळाले. पण ते कोणत्या वर्गात? पाश्चात्त्यांच्या अभिजात संगीतातील कक्षसंगीताच्या! रागदारीस बसावयाला स्वतःचा पाट नसल्यामुळे तिला शेजाऱ्याच्या पंगतीत जागा करून देण्यात आली. पुढे १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेशातील निर्वासितांसाठी न्यूयॉर्क येथे जो जलसा झाला, त्याच्या संग्रहास १९७३ साली वर्षातील उत्तम संग्रहाचा मान मिळाला. त्या जलशाच्या आरंभीच रविशंकरांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद आणि अल्लारखाँ यांचा तबला वाजला होता.

सर्व जगाच्या संगीतासाठी स्वतंत्र वर्ग निघावयास १९९२ साल यावे लागले. त्या वर्गाचे पहिले पारितोषिक मिकी हार्टच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या संग्रहास मिळाले. त्यात झाकिर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम् होता. दोन वर्षांनी पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेने अमेरिकन गिटारवादक राय कूडर याच्यासह तोच मान मिळविला. या वर्गास ‘वर्ल्ड म्युझिक’ म्हणजे ‘जगाचे संगीत’ असे नाव होते. पण ज्या अर्थी अमेरिका आणि युरोप यांचे प्रचलित संगीत त्यात येत नव्हते, त्या अर्थी ‘जग’ म्हणजे ‘उरलेले सारे’ असाच त्याचा आशय होता. साम्राज्यशाहीचा हा दर्प ध्यानी येऊन अकादमीने २०२० साली ते नाव बदलून ‘ग्लोबल’ केले. तरीही ख्याल, कोरा आणि कव्वाली यांना एकाच तराजूत घालून तोलण्याची अडचण नाव बदलल्याने दूर झालेली नाही.

या तराजूत महाराष्ट्रकन्या आशा भोसले दोन वेळा बसल्या. मास्टर दीनानाथांच्या या कन्येने अली अकबर खाँ यांच्याकडून उत्तर हिंदुस्थानातील दरबारी व देवालयीन परंपरेतल्या जुन्या बंदिशी घेऊन ‘लेगसी’ नावाचा संग्रह सिद्ध केला. १९९७ साली तो नामांकितांच्या यादीत आला. पारितोषिक आयर्लंडच्या ‘चीफ्टन्स’ या मंडळींकडे गेले. २००६ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांच्या संग्रहासाठी त्यांचे नाव पुन्हा यादीत आले. त्या वेळी ब्राझीलचे जिल्बेर्तो जिल विजयी झाले. चित्रपटसंगीतात लौकिक मिळविलेल्या गायिकेने साठी ओलांडल्यावर शिष्येच्या नात्याने खाँसाहेबांपुढे बसावे आणि जुन्या चिजा नव्याने घोटाव्या, ही गोष्टच मोठी आहे. ग्रॅमीच्या वहीत मात्र तिची नोंद पराभूतांत झाली. खुद्द अली अकबर खाँ यांचे नाव पाच वेळा यादीत आले आणि पाचही वेळा ते रिकाम्या हाताने परतले. सरोदाच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे त्यास याने तिळमात्र धक्का लागला, असे कोणी म्हणेल काय?

रविशंकरांच्या घराण्यात तर या सोहळ्याने नाट्यच उभे केले. २००३ साली त्यांच्या दोन्ही कन्या नामांकितांत होत्या. नोरा जोन्स हिने त्या एका रात्री पाच पारितोषिके मिळविली, आणि वीस-एकवीस वर्षांची अनुष्का पहिलेच नामांकन घेऊन मोकळ्या हाताने घरी गेली. ५ डिसेंबर २०१२ रोजी जी यादी प्रसिद्ध झाली तीत एकाच वर्गात पिता आणि कन्या परस्परांचे प्रतिस्पर्धी होते. यादीनंतर अवघ्या सहा दिवसांनी, ११ डिसेंबरला, ब्याण्णव वर्षांच्या रविशंकरांनी देह ठेवला. फेब्रुवारीत पारितोषिक पित्यास मिळाले. ते घेण्यास तो नव्हता. दोघी बहिणींनी मिळून त्यांच्या वतीने जीवनगौरवही स्वीकारला. २०२५ पर्यंत अनुष्काचे नाव दहांहून अधिक वेळा यादीत आले होते आणि एकदाही तिचे पाकीट फुटले नव्हते. तरी तिची सतार थांबली नाही.

४ फेब्रुवारी २०२४ हा दिवस मुंबईकरांच्या विशेष स्मरणात राहील. माहीमला वाढलेल्या झाकिर हुसेन यांना त्या एका दिवसात तीन पारितोषिके मिळाली. त्यांपैकी दोहोंत राकेश चौरसिया यांची बासरी होती, आणि तिसरे ‘शक्ती’ या त्यांच्या जुन्या मेळ्याचे होते. त्या मेळ्यातील गायक शंकर महादेवन हे चेंबूरचे, श्रीनिवास खळे यांचे शिष्य. मराठी रसिकांस ते ‘कट्यार काळजात घुसली’ या २०१५ च्या चित्रपटातील पंडितजी म्हणून परिचित आहेत. योगायोग असा, की पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या मूळ नाटकाचा विषयही राजदरबारातील गायनस्पर्धा हाच आहे. राजगायकाचे पद आणि मानाची कट्यार यांसाठी दोन घराणी झुंजतात. वर्षानुवर्षे हरलेला गवई अखेर जिंकतो, परंतु त्या जिंकण्याने त्याच्या मनाची आग शमत नाही. स्पर्धेने संगीतास काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचा विचार मराठी रंगभूमीने १९६७ सालीच करून ठेवला आहे.

त्या विजयानंतर दहा महिन्यांनी, १५ डिसेंबर २०२४ रोजी, झाकिर हुसेन यांचे निधन झाले. २ फेब्रुवारी २०२५ च्या सोहळ्यात वर्षभरात दिवंगत झालेल्या कलावंतांचे स्मरण करण्यात आले. दूरचित्रवाणीवरील त्या स्मरणात झाकिरांचे नाव नव्हते. ज्याला आदल्या वर्षी तीनदा गौरविले, त्यास दुसऱ्या वर्षी एकदाही आठवू नये, याचे इकडील रसिकांस वाईट वाटले आणि ते वाटणे स्वाभाविक होते. परंतु झाकिरांची ती तीन पारितोषिकेही दुपारच्या समारंभातच दिली गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विस्मृतीचे फारसे आश्चर्य वाटत नाही. रात्रीच्या दिव्यांत ज्याला बोलाविले नव्हते, त्याची उणीव त्या दिव्यांना भासावी कशी?

तेव्हा या सोहळ्याकडे पाहावे कोणत्या दृष्टीने? तो सर्वस्वी टाकाऊ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ध्वनिमुद्रकासारख्या, पडद्यामागे झिजणाऱ्या माणसाच्या कसबास तेथे नाव आणि मान मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. जगाच्या कोपऱ्यातले एखादे वाद्य त्या निमित्ताने सहस्रावधी कानांपर्यंत पोचते, हेही खरे. मात्र ते पारितोषिक यंत्राच्या नावाचे आहे, ही गोष्ट विसरता उपयोगी नाही. जे तबकडीवर उतरले, तेवढ्याचाच न्याय तेथे होऊ शकतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारी राहिले आणि १९४६ साली मुंबईत निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. पण त्यांच्या शिष्या, गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर, यांची एक भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोनेरी तबकडीवर घालून पृथ्वीबाहेर धाडण्यात आली. त्यासाठी कोणतेही पाकीट फुटले नाही, की कोणाचा पराभव झाला नाही.

गुरूचा आवाज यंत्रात उरला नाही, तो शिष्येच्या गळ्यात उरला. आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेर निघून गेला. मराठी भाषेने ‘नामांकित’ या शब्दास जो जुना अर्थ दिला, तो अशांसाठीच होय. सोनेरी कर्ण्याची वार्षिक यादी रसिकांनी कुतूहलाने अवश्य वाचावी. तीतील एखादे अनोळखी नाव दिसताच त्याची तबकडी मिळवून ऐकावी, आणि जो हरला त्याची तर आधी ऐकावी. मग जो कौल आपला कान देईल, तोच खरा मानावा.